झुर्वान : काळ नावाच्या देवाचा मागोवा

जरथुश्त्राच्या गाथांमध्ये, यस्नाच्या तिसाव्या अध्यायात, दोन आद्य आत्म्यांचा उल्लेख येतो. ते जुळे आहेत. विचार, वाणी आणि कृती या तिन्हींत एकाने चांगले ते निवडले, दुसऱ्याने वाईट ते. जरथुश्त्राचा सगळा भर त्या निवडीवर आहे, कारण माणसानेही तशीच निवड करायची आहे. पण ऐकणाऱ्यांपैकी काहींचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. जुळे म्हटले की जन्मदाता आला. मग या दोघांचा बाप कोण? प्राचीन इराणात या प्रश्नाला जे सर्वांत धाडसी उत्तर मिळाले, त्याचे नाव झुर्वान, म्हणजे काळ.

झुर्वानावरून गेली अडीचशे वर्षे पंडितांमध्ये वाद चालू आहे. तो वेगळ्या पंथाचा देव होता, ससानी सम्राटांचा अधिकृत देव होता, की पुरोहितांच्या वर्तुळात फिरणारी एक कथा होती? तो मूळचा इराणी, की बाबिलोनच्या ज्योतिषातून आलेला? या लेखात त्या सगळ्या वादाचा आढावा घ्यायचा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. झुर्वानाचा स्वतंत्र पंथ होता असे मानायला पुरावा अपुरा आहे. तो मझ्दाधर्माच्या, म्हणजे जरथुश्त्री धर्माच्या, पोटातच वाढलेला, अनेकदा नाकारला गेलेला आणि तरीही पुन्हा पुन्हा वर आलेला विचार होता. तो नाकारला का गेला, याचे उत्तरही त्याच विचारात आहे. दुष्टाव्याचा उगम त्याने समजावून सांगितला, पण त्यापायी माणसाची निवड दुबळी करून टाकली.

अवेस्तात, म्हणजे या धर्माच्या पवित्र ग्रंथात, झुर्वान शोधू गेलो तर हाती फार थोडे लागते. वेंदिदादच्या एकोणिसाव्या प्रकरणात जरथुश्त्राला ज्यांचे आवाहन करायला सांगितले आहे त्यांत 'अमर्याद काळ' येतो. त्याच प्रकरणात पुढे मृत्यूनंतरच्या प्रवासाचे वर्णन आहे : सज्जन असो वा दुर्जन, प्रत्येक आत्मा काळाने आखलेल्या वाटेनेच, जिथे मृतांचा न्याय होतो त्या चिन्वत पुलाकडे जातो. खोर्शेद न्यायेशमध्ये आणि सिरोझाच्या एकविसाव्या दिवशी, म्हणजे राम रोजाला, वायू आणि आकाश यांच्या बरोबरीने काळाचे नाव घेतले जाते. तिथे काळाची दोन रूपे आहेत. एक अमर्याद, दुसरा दीर्घकाळ आपल्या सत्तेने चालणारा. बस, एवढेच. झुर्वानाला स्वतःचे यश्त, म्हणजे स्तोत्र, नाही, त्याची कुळकथा नाही, आणि तो कुणाचा पिता असल्याचे अवेस्तात कुठेही म्हटलेले नाही. मिथ्र, अनाहिता, तिश्त्र्य यांची दीर्घ स्तोत्रे वाचल्यावर काळाचे हे ओझरते उल्लेख फारच किरकोळ वाटतात.

मग एवढ्या किरकोळ यझताला, म्हणजे पूज्य देवतेला, देवांच्या बापाचे स्थान मिळाले कसे? याचे कारण मझ्दाधर्माच्या अंतर्गत बदलात आहे. गाथांमध्ये सर्वोच्च देव अहुर मझ्द जुळ्यांच्या जोडीच्या वर आहे. स्पेंत मैन्यू, म्हणजे पवित्र आत्मा, त्याचा आहे, आणि त्या आत्म्याचा प्रतिस्पर्धी अंग्र मैन्यू. पुढच्या काळात मझ्द आणि त्याचा पवित्र आत्मा एकच मानले जाऊ लागले. पहलवी भाषेत मझ्दाचा झाला ओहर्मझ्द आणि अंग्र मैन्यूचा झाला अहरिमन, आणि दोघे समोरासमोर उभे राहिले. पूर्वी त्यांच्या डोक्यावर जो होता तोच खाली उतरून लढाईत सामील झाला, त्यामुळे वरची जागा रिकामी झाली. जुळेपणाचा उल्लेख मात्र पवित्र ग्रंथात तसाच होता. तो पुसता येत नव्हता. त्या रिकाम्या जागी काळ येऊन बसला.

ही कथा सर्वांत सविस्तर सांगतो तो पाचव्या शतकातला आर्मेनियन ख्रिस्ती लेखक येझ्निक. आकाश नव्हते, पृथ्वी नव्हती, कोणतीच निर्मिती नव्हती, तेव्हा एकटा झुर्वान होता. आपल्याला पुत्र व्हावा, त्याचे नाव ओहर्मझ्द असावे आणि त्याने आकाश, पृथ्वी आणि त्यातले सर्व काही घडवावे, या इच्छेने त्याने हजार वर्षे यज्ञ केला. हजार वर्षे होत आली तेव्हा त्याच्या मनात आले, या यज्ञाचा काही उपयोग होणार आहे का? पुत्र होईल, की हे सारे कष्ट वाया जातील? हा विचार मनात आला त्याच क्षणी गर्भात दोघे आले. यज्ञातून ओहर्मझ्द आणि शंकेतून अहरिमन.

झुर्वानाने मनाशी ठरवले, जो आधी बाहेर येईल त्याला राज्य द्यायचे. ओहर्मझ्दाला बापाच्या मनातले कळले आणि त्याने ते सरळपणे भावाला सांगितले. अहरिमनने गर्भ फाडला आणि बापापुढे उभा राहिला. तू कोण, असे विचारल्यावर म्हणाला, मी तुझा पुत्र. झुर्वान म्हणाला, माझा पुत्र तर सुगंधी आणि तेजस्वी असणार, आणि तू काळोखा, दुर्गंधी. एवढ्यात योग्य वेळी ओहर्मझ्द जन्मला, सुगंधी आणि प्रकाशमान. झुर्वानाने आपल्या हातातले बरसम, यज्ञात धरायच्या काटक्यांची जुडी, त्याच्या हाती दिले : आजवर मी तुझ्यासाठी यज्ञ केला, यापुढे तू माझ्यासाठी कर. पण संकल्प केलेला होता, तो मोडता येईना. अहरिमनला नऊ हजार वर्षांचे राज्य मिळाले, त्याच्यावरची सत्ता ओहर्मझ्दाकडे राहिली, आणि मुदत संपल्यावर सर्व काही ओहर्मझ्दाच्या इच्छेने चालेल असे ठरले.

मराठी वाचकाला इथे प्रजापती आठवेल, आणि ते योग्यच आहे. शतपथ ब्राह्मणातला प्रजापतीही एकटा आहे, प्रजेच्या इच्छेने तप करतो, देव आणि असुर दोघेही त्याचीच लेकरे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या कांडात प्रजापतीलाही यज्ञ करताना शंका येते, आहुती द्यावी की न द्यावी. पण तिथे त्याचाच महिमा त्याला सांगतो, दे. आणि शंका आहुतीत विरून जाते. इराणी कथेत तसे सांगणारे कुणी नाही. शंका विरत नाही, तिला शरीर येते, आणि तेच शरीर पुढे नऊ हजार वर्षे जगावर राज्य करते. दोन्ही कथा एका मुळातून आल्या असे मी म्हणत नाही. तेवढा पुरावा नाही. पण यज्ञावर ज्यांचे सारे जीवन उभे होते अशा दोन्ही समाजांना यज्ञाच्या मध्यभागी उठणाऱ्या शंकेची भीती वाटत होती, हे त्यांतून स्पष्ट दिसते. झुर्वानाच्या कथेतला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. दुष्टावा बाहेरून आला नाही, कुणी शत्रूने आणला नाही; तो सर्वोच्च सत्तेच्या क्षणभराच्या अविश्वासातून निघाला.

ही कथा मूळ इराणी भाषेत सलग कुठेही मिळत नाही, आणि झुर्वानाच्या अभ्यासातली पहिली अडचण तीच. सांगणारे बहुतेक सगळे विरोधक आहेत. येझ्निकला तिचे खंडन करायचे आहे, आणि तो मार्मिक प्रश्न विचारतो : काहीच नव्हते तर झुर्वान यज्ञ कुणासाठी करत होता? ४२८ मध्ये वारलेल्या मोप्सुएस्तियाच्या थिओडोरने हीच कथा ग्रीकमध्ये नोंदवली होती. त्याचा ग्रंथ गेला, पण नवव्या शतकातल्या फोटिओसने केलेला सारांश उरला आहे, आणि त्यात झुर्वानाचे दुसरे नाव 'भाग्य' असे दिले आहे. आठव्या शतकाच्या शेवटी सिरियाक भाषेत थिओडोर बार कोनाई ती सांगतो. आर्मेनियन इतिहासकार येघिशे ती एका राजकीय पत्रात देतो. ससानी सम्राट दुसरा यझ्दगर्द याचा महामंत्री मिहर-नरसे याने आर्मेनियनांना आपला धर्म स्वीकारण्याचे फर्मान धाडले, त्यात धर्माचे सार म्हणून झुर्वानाची कथा होती, असे येघिशे म्हणतो. याच सक्तीतून ४५१ ची अवरायरची लढाई झाली.

ख्रिस्ती लेखकांनी थट्टेसाठी ही कथा रचली असेल का? अशी शंका काहींनी घेतली आहे. मला ती टिकत नाही असे वाटते, कारण साक्षीदार एकाच गटातले नाहीत. मध्य आशियातल्या मानी पंथीयांचे उइगुर तुर्की भाषेतले पापनिवेदन उपलब्ध आहे. त्यात ज्या पापांची क्षमा मागितली आहे त्यांत ओहर्मझ्द आणि अहरिमन हे भाऊ आहेत असे म्हणण्याचे पाप येते. खुद्द जरथुश्त्री पुरोहितांच्या दीनकर्द या नवव्या-दहाव्या शतकातल्या ग्रंथात, दोघे एका गर्भातले भाऊ होते हे वचन दैत्याच्या तोंडी घालून धिक्कारले आहे. जे कुणी बोलतच नव्हते ते धिक्कारण्याची गरज कुणाला पडली असती? शिवाय मिहर-नरसेच्या एका मुलाचे नाव झुर्वानदाद होते, आणि इतिहासकार तबरी सांगतो की त्याला धर्मकार्यासाठी वाढवले गेले व तो मोठ्या धार्मिक पदापर्यंत पोचला. घराघरात देवाचे नाव मुलाला ठेवले जाते तेव्हा तो देव नुसता टीकाकारांच्या कल्पनेत राहिलेला नसतो.

याच्याही मागे जाता येते. ॲरिस्टॉटलचा शिष्य रोड्सचा युडेमस, इसवी सनपूर्व चौथ्या शतकातला, सांगतो की मागी, म्हणजे इराणी पुरोहित, सर्वांच्या मुळाशी अवकाश किंवा काळ मानतात, आणि त्यातून चांगला देव व वाईट दैत्य वेगळे झाले असे म्हणतात. हे वाक्य आपल्याला सहाव्या शतकातल्या दमास्कियसमार्फत मिळते, म्हणजे मध्ये आठशेहून अधिक वर्षे गेली. तरी ते साधारणपणे विश्वसनीय धरले जाते. तसे असेल तर हखामनी साम्राज्याच्या अखेरीस काळाबद्दलचा हा विचार मागींमध्ये रूढ होता. सायरसने इसवी सनपूर्व ५३९ मध्ये बाबिलोन घेतले होते. तिथले ग्रहगणित, राशिचक्र, युगांची मोजणी पुढच्या दोन शतकांत इराणी पुरोहितांना परिचयाची झाली, आणि काळाची सत्ता त्यांच्या डोळ्यांत भरू लागली असावी. मेरी बॉइस यांनी हा संबंध आग्रहाने मांडला. मला तो अर्धाच पटतो. ज्योतिषाने काळाला मोठे केले हे खरे, पण जुळ्यांचा प्रश्न गाथांमधला आहे; तो बाबिलोनहून आणावा लागला नाही.

मूर्ती आणि चित्रे यांवरून मांडलेले तर्क मात्र जवळजवळ सगळे बाजूला ठेवावेत असे आहेत. लुरिस्तानातला एक पत्रा सिनसिनाटीच्या संग्रहालयात आहे; त्यावरची आकृती जुळ्यांना जन्म देणाऱ्या झुर्वानाची आहे असे गिर्शमन यांनी सुचवले. ती ओळख मान्य करायला कोणताही लेख, कोणतेही नाव सोबत नाही. रोमन मिथ्र-उपासनेतला सिंहमुखी, अंगाभोवती साप वेढलेला पुतळा फ्रान्झ क्यूमोंनी अमर्याद काळाचा मानला. त्याच उपासकांचे 'अरिमानियस', म्हणजे अहरिमन, या देवाला अर्पण केलेले लेखही सापडले आहेत, त्यामुळे ती ओळखही डळमळीत आहे. नेमरुत पर्वतावर कोम्मागेनेचा राजा पहिला अँटिओकस याच्या लेखात अमर्याद काळाचा शब्दप्रयोग येतो, पण तो देव म्हणून नव्हे.

आता पहलवी ग्रंथांकडे. बुंदहिश्न हा विश्वोत्पत्तीचा ग्रंथ नवव्या शतकात आजच्या रूपाच्या जवळ आला, आणि त्यातली काळाची मांडणी झुर्वानाच्या कथेशेजारी ठेवून वाचली पाहिजे. ओहर्मझ्द वर प्रकाशात, अहरिमन खाली अंधारात, मध्ये पोकळी. बाप नाही, गर्भ नाही, शंका नाही. ओहर्मझ्दाला सर्वज्ञतेने कळते की अहरिमन हल्ला करणार. त्याला हेही कळते की लढाईला मुदत नसेल तर ती कधीच संपणार नाही आणि निर्मिती कायमची त्या मिश्रणात अडकून पडेल. म्हणून तो अहरिमनपुढे नऊ हजार वर्षांचा करार ठेवतो. अहरिमनला पुढचे दिसत नाही. तो मान्य करतो. मग ओहर्मझ्द अहुनवर ही प्रार्थना म्हणतो, तिच्यातून शेवट काय होणार ते अहरिमनला दाखवतो, आणि अहरिमन तीन हजार वर्षे मूर्च्छित पडतो.

आकडा तोच, नऊ हजार. पण अर्थ पार उलटा. झुर्वानाच्या कथेत नऊ हजार वर्षे म्हणजे अहरिमनला मिळालेले राज्य. बुंदहिश्नमध्ये तीच वर्षे म्हणजे अहरिमनसाठी लावलेला सापळा. अमर्याद काळातून मर्यादित काळाचा एक तुकडा कापून काढला आहे, आणि त्याच्या आत शिरलेल्या दुष्टाव्याला बाहेर पडता येत नाही. तुकडा संपतो तेव्हा तोही संपतो. काळ इथे जनक नाही, हत्यार आहे. जगाच्या धर्मविचारात काळाचा इतका कल्पक उपयोग दुसरीकडे क्वचितच दिसतो. इतिहासाला आरंभ आहे, ठरलेली लांबी आहे आणि शेवट चांगला आहे, कारण तसा आराखडा लढाईपूर्वीच केलेला आहे. तरीही बुंदहिश्नच्या कर्त्याकडून काळ दोन्ही निर्मितींहून बलवान आहे असे लिहिले जातेच. ज्याला हत्यार केले त्याचा धाक मनातून गेलेला नाही.

धाकाचे दुसरे नाव दैव. येझ्निकही झुर्वान या नावाचा अर्थ 'बख्त', म्हणजे नशीब, किंवा तेज असा देतो. दैवाचा हा पैलू सर्वांत स्पष्ट दिसतो तो मेनोग-ई-ख्रद या पहलवी ग्रंथात. एक ज्ञानी पुरुष बुद्धीच्या देवतेला प्रश्न विचारतो आणि ती उत्तरे देते, अशी त्याची रचना आहे. ओहर्मझ्दाने आपल्या तेजातून आणि अमर्याद झुर्वानाच्या आशीर्वादाने निर्मिती केली असे तिथे म्हटले आहे. बारा राशी ओहर्मझ्दाच्या बाजूचे सेनापती, सात ग्रह अहरिमनच्या बाजूचे. जगात जे बरेवाईट घडते ते यांच्या हातून. बुद्धीच्या बळावर दैवाशी झुंजता येईल का, असे ज्ञानी विचारतो, तेव्हा खुद्द बुद्धीचीच देवता नाही म्हणते. दैव फिरले की शहाणा चुकतो आणि मूर्ख हुशार ठरतो, भित्रा शूर होतो आणि शूर भितो.

हे वाचून गाथा आठवल्या की मन खिन्न होते. ज्या धर्माने माणसाला अहुर मझ्दाचा सहकारी म्हणून उभे केले, त्याच धर्माच्या ग्रंथात बुद्धी हात टेकते. पण तोच ग्रंथ दुसऱ्या एका प्रश्नाच्या उत्तरात प्रयत्नाची बाजूही राखतो. नशिबात नाही ते प्रयत्नाने मिळत नाही. नशिबात आहे ते प्रयत्नाने लवकर मिळते. आणि जो प्रयत्न इथे फुकट गेला तो परलोकी तराजूत जमा होतो. आपल्याकडच्या प्रारब्ध आणि प्रयत्न यांच्या वादात मुरलेल्या वाचकाला हे उत्तर ओळखीचे वाटेल. ऐहिक गोष्टी काळाच्या, नैतिक गोष्टी माणसाच्या, अशी वाटणी पुरोहितांनी करून ठेवली. ती पूर्ण समाधानकारक नाही, पण तिच्यामुळे चिन्वत पुलावरचा न्याय शाबूत राहिला. नाही तर काळानेच सर्व ठरवले असेल तर पापपुण्याचे वजन करायचे कशासाठी? हा ग्रंथ भारतातही आला : नेर्योसंग धवल या पारशी पंडिताने गुजरातेत तो संस्कृतात उतरवला.

पूर्वेकडे झुर्वानाचा प्रवास वेगळाच झाला, आणि तो आपल्याला जवळचा आहे. तिसऱ्या शतकात मानीने सम्राट पहिला शापूर याच्यासाठी 'शाबुह्रगान' हा ग्रंथ लिहिला, तेव्हा आपल्या पंथातल्या सर्वोच्च प्रकाशपित्याला त्याने झुर्वान हे नाव दिले, आणि ओहर्मझ्दाला त्याचा पुत्र, आद्य पुरुष केले. दरबारातल्या श्रोत्यांना झुर्वान हा ओहर्मझ्दाचा पिता म्हणून परिचित नसता तर ही योजना निरर्थक ठरली असती. मानीच्या या निवडीला मी येझ्निकच्या कथेहून वजनदार पुरावा मानतो, कारण मानीला कुणाचे खंडन करायचे नव्हते. त्याला समजेल अशा भाषेत बोलायचे होते.

त्यानंतर समरकंद-बुखाराकडचे सोग्दी व्यापारी आणि भाषांतरकार आले. बौद्ध ग्रंथ सोग्दी भाषेत आणताना त्यांनी ब्रह्मदेवासाठी झुर्वान, इंद्रासाठी 'आद्बग' म्हणजे ओहर्मझ्द आणि महादेवासाठी वायूचे 'वेश्पर्कर' हे रूप वापरले. उइगुरांनी ही नावे उचलली, त्यांच्याकडून ती मंगोलांकडे गेली. आजही मंगोल बौद्ध परंपरेत ब्रह्मदेवाला 'एस्रुआ' म्हणतात, तो झुर्वान. आणि इंद्राला 'खोर्मुस्ता' म्हणतात, तो ओहर्मझ्द. इराणात ज्याचे पितेपण नाकारले गेले, तो गोबीच्या वाळवंटापलीकडे पितामहाच्या आसनावर बसला.

आधुनिक अभ्यासाची सुरुवात मात्र भारतात झाली, आणि त्यातला मोठा अंक मुंबई-पुण्यात घडला. आंकेतील-दुपेरों हा फ्रेंच तरुण १७५८ मध्ये सुरतेला आला, दस्तूर दाराबांकडे शिकला आणि १७७१ मध्ये त्याने पॅरिसला अवेस्ताचे भाषांतर छापले. वेंदिदादच्या एकोणिसाव्या प्रकरणातल्या एका वाक्यावरून त्याने असे मत मांडले की पारशांच्या धर्मात अमर्याद काळ हाच आद्य निर्माता आहे. युरोपात हे मत पसरले. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये पारशी धर्मावर टीकेचा जाड ग्रंथ लिहिला. त्याआधी चारच वर्षे दोन पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून शहर पेटले होते. तुमचा होर्मझ्द हा सर्वोच्च देवच नव्हे, त्याच्याही वर काळ आहे, असा विल्सन यांच्या टीकेचा एक रोख होता. पारशी धर्मगुरूंना याला उत्तर देणे जड गेले, कारण अवेस्ताच्या व्याकरणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्यांच्याकडे परंपरेने आलेला नव्हता.

उत्तर पुण्यातून आले. जर्मन पंडित मार्टिन हाउग १८५९ ते १८६६ पुण्याच्या कॉलेजात, पुढच्या डेक्कन कॉलेजात, संस्कृतचे प्राध्यापक होते. १८६२ मध्ये मुंबईत छापलेल्या निबंधांत त्यांनी दाखवले की आंकेतीलने विभक्तीच चुकवली. त्या वाक्यात काळ हा शब्द सप्तमीत आहे : पवित्र आत्म्याने 'अमर्याद काळात' निर्मिले, एवढेच तिथे म्हटले आहे. ज्याला कर्ता मानले ते अधिकरण निघाले. हाउग इतकेच सांगून थांबले नाहीत. जुळे आत्मे हे खुद्द अहुर मझ्दाचेच दोन अंश आहेत, म्हणजे त्यांच्या वर मझ्दच आहे, असे त्यांनी मांडले. मुंबईच्या सुशिक्षित पारशांनी हे मत आनंदाने स्वीकारले. मिशनऱ्यांना देण्यासाठी त्यांना हवे तेच उत्तर मिळाले होते. पण हाउगांच्या शुद्धीकरणाची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. अवेस्तात झुर्वान पिता नाही हे त्यांनी सिद्ध केले. ससानी काळातल्या लोकांनी त्याला पिता मानले नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.

पहलवी ग्रंथ इंग्रजीत आणण्याचे प्रचंड काम एडवर्ड वेस्ट यांनी केले. ते व्यवसायाने अभियंता होते, मुंबईच्या जी.आय.पी. रेल्वेत; कान्हेरीच्या लेण्यांतले लेख त्यांनी उतरवून घेतले, हाउगांबरोबर काम केले, आणि बुंदहिश्न व मेनोग-ई-ख्रद यांची भाषांतरे करून जगाला हे साहित्य खुले केले. बमनजी धाभर यांनी इंग्रजीत आणलेल्या फारसी रिवायतींचे पुस्तक १९३२ मध्ये मुंबईतूनच निघाले. त्यात 'उलेमा-ई-इस्लाम' नावाचा छोटा फारसी ग्रंथ आहे. काळ सोडून बाकी सर्व निर्मिलेले आहे, काळाला आदि नाही आणि अंत नाही, असे तो उघड म्हणतो. तेराव्या शतकातल्या जरथुश्त्री लेखणीतून हे आले आहे. दीनकर्दने धिक्कारलेला विचार पुढची काही शतके जिवंत होता, याचा हा पुरावा.

विसाव्या शतकातला वाद थोडक्यात आटोपता येतो. आर्थर क्रिस्टनसेन यांनी ससानी राजधर्मच झुर्वानी होता असे मानले. न्यूबर्ग यांनी झुर्वानाला प्राचीन, जरथुश्त्रपूर्व देव ठरवले. ऑक्सफर्डचे आर. सी. झेनर यांनी १९५५ मध्ये 'झुर्वान' हा ग्रंथ लिहून सर्व भाषांतली साधने एका जागी आणली. तो आजही हाताशी लागतो. पण झेनर यांना पहलवी ग्रंथांत काळाचे नाव दिसेल तिथे झुर्वानी पंथाचा हात दिसतो, आणि नाव नसेल तर ते पुसले गेले असे वाटते. अशा पद्धतीने कशाचाही पंथ उभा करता येईल. बॉइस यांनी झुर्वानवाद पाखंड मानला, पण राजांच्या आश्रयाने वाढलेला.

शौल शाकेद यांनी १९९२ मध्ये आणि पुढे आपल्या ग्रंथात विचारलेला प्रश्न साधा होता : या पंथाचे पुरोहित कुठे आहेत, मंदिरे कुठे, पंथाबाहेर काढल्याची एक तरी नोंद कुठे? तिसऱ्या शतकात कर्तीर या बलाढ्य धर्मगुरूने आपल्या शिलालेखांत कोणाकोणाला चिरडले त्याची यादी दिली आहे : यहुदी, बौद्ध, ब्राह्मण, ख्रिस्ती, मानीचे अनुयायी. त्यात झुर्वानवादी नाहीत. नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर पहिला अर्दशीर ओहर्मझ्दाच्या हातून राजचिन्ह घेतो आणि ओहर्मझ्दाच्या घोड्याच्या टापांखाली अहरिमन तुडवला जातो. झुर्वान ससानी शिल्पांत कुठेच नाही. यावरून तो राजधर्म नव्हता हे दिसते, आणि छळ झालेला पाखंडी पंथही नव्हता हेही दिसते. बाराव्या शतकात मुस्लिम लेखक शहरस्तानी 'झुर्वानी' असा गट नोंदवतो खरा, पण पंथांची नावे देऊन वर्गवारी लावणे ही त्याच्या ग्रंथाची पद्धतच आहे. शाकेद यांचा निष्कर्ष, की ही एकाच धर्मातली अनेकांपैकी एक उत्पत्तिकथा होती, मला उपलब्ध पुराव्याला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

पंथ नव्हता, म्हणून विचार क्षुल्लक होता असे मात्र होत नाही. देव विसरला गेल्यावरही त्याची सत्ता फारसी साहित्यात राहिली. फिरदौसीने १०१० च्या सुमारास पुऱ्या केलेल्या शाहनाम्यात मनुचेहर राजाच्या दरबारात तरुण जालची परीक्षा होते. मोबेद, म्हणजे पुरोहित, त्याला कोडी घालतात : प्रत्येकी तीस फांद्यांची बारा झाडे, एकमेकांमागे धावणारे काळा आणि पांढरा असे दोन घोडे, आणि ओले-सुके न पाहता सारे गवत कापत जाणारा माणूस. जाल उत्तरे देतो : महिने, रात्र आणि दिवस, आणि शेवटी काळ. रुस्तम आणि सोहराब यांच्या शोकांतिकेवरही त्याच काळाची छाया आहे. फिरदौसी मुसलमान होता; झुर्वानाची पूजा त्याच्या स्वप्नातही नव्हती. पण ज्या जुन्या इराणी कथा त्याने घेतल्या, त्यांच्याबरोबर काळापुढची ती असहायताही आली.

या विषयात शिरू इच्छिणाऱ्या वाचकाला एक सुचवावेसे वाटते. झेनर यांच्या ग्रंथापासून सुरुवात करू नका. त्यातला पंथ एकदा डोक्यात बसला की पुरावा मोकळेपणाने वाचता येत नाही. आधी यस्नाचा तिसावा अध्याय वाचा, मग येझ्निकची कथा, मग बुंदहिश्नचे पहिले प्रकरण आणि मेनोग-ई-ख्रद. वेस्ट यांची भाषांतरे 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' मालेच्या पाचव्या आणि चोविसाव्या खंडांत आहेत आणि मोठ्या ग्रंथालयांत सहज मिळतात. झेनर आणि शाकेद त्यानंतर वाचावेत, आणि शक्य असेल तर एकापाठोपाठ.